मांडीवरच्या सुपापर्यंत उजेड: निपाणीजवळच्या विडी कामगार वसाहतीतल्या घरदुरुस्तीच्या नोंदी

७ जानेवारी २०२५

मोजणी सुरू केली. निपाणीला खेटून असलेल्या एका गावच्या माळावर विडी कामगार बायकांची ही वसाहत आहे. घरांच्या चार ओळी, नकाशा सगळ्यांचा एकच. पुढं दहा बाय बाराची खोली, मागं आठ बाय दहाचं स्वयंपाकघर, वर सिमेंटचे पत्रे, दारात दोन पायऱ्या आणि मागं लहानसं परडं. शौचालयं नंतर आली, तीही परड्याच्या टोकाला. न्हाणी नकाशात नव्हतीच.

२०१६ पासूनच्या ग्रामीण आवास योजनेत घर किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे २७० चौरस फुटांच्या आसपास धरतात आणि स्वयंपाकाची जागा त्यातच येते. इथली घरं त्याआधीची, आतून २०० फूट. त्या २०० फुटांत माणसं राहतात आणि एक धंदाही चालतो.

ग्रामपंचायतीच्या ठरावात कामाचं नाव 'घरदुरुस्ती' असं आहे. गळके पत्रे, भेगा, रंग. ती कामं करायचीच आहेत. पण स्त्रीशक्ती संघाच्या (बायकांच्या बचत गटाच्या) बायकांनी मला बोलावलं ते एवढ्यासाठी नव्हे. संघाच्या अध्यक्ष आक्का पहिल्याच भेटीत म्हणाल्या, "गळतंय ते आमी बी दावू शकतोय म्याडम. दिवसभर घरात आमीच असतोय, आन् घरात आमच्या कामाला जागाच न्हाई."

१९६६ चा विडी-सिगार कामगारांचा कायदा पुन्हा काढून वाचला. कामाच्या जागेत खेळती हवा, प्यायचं पाणी, शौचालय, हातपाय धुण्याची सोय, पाळणाघर, सगळं त्यात लिहिलेलं आहे. पण कामाची जागा म्हणजे काय हे सांगताना त्याच कायद्यानं राहतं घर वगळलंय. घरी विड्या वळणारी बाई कामगार ठरते, पण ती बसते त्या जागेबद्दल कुणाला जाब विचारता येत नाही. या कामाचा सगळा आराखडा मी इथूनच धरणार आहे. ही घरं म्हणजे या बायकांचे कारखाने आहेत, आणि दुरुस्ती त्या हिशोबानं व्हायला हवी.

१० जानेवारी

प्रश्नावली नको असं ठरवलं. "काय अडचण आहे?" असं विचारलं की बायका पत्रे गळतात एवढंच सांगतात, कारण पंचायतीत तेवढंच ऐकून घेतात. त्यापेक्षा प्रत्येक ओळीतल्या एका घरी पहाटेपासून रात्रीपर्यंत बसायचं आणि बाई कुठं आहे, काय करते आहे, तेवढं लिहायचं.

आज दुसऱ्या ओळीतलं घर. सासू, सून, सुनेचा नवरा, दोन मुलं. नवरा यंत्रमागावर, रात्रपाळीला. सून साडेचारला उठली. उजाडायच्या आत अंघोळ उरकायची म्हणून. परड्यात तीन बाजूंनी जुन्या साड्या बांधलेल्या, खाली फरशीचा तुकडा. थंडीत कुडकुडत, अंगावरच्या साडीवरच पाणी घेऊन अंघोळ. सासूबाईंची अंघोळ स्वयंपाकघरातल्या मोरीत, कारण अंधारात परड्यात त्यांचा पाय घसरतो. मोरी चुलीपासून दोन हातांवर.

सहाला पाणी आलं. नळ दारातच आहे, ही गोष्ट चांगलीच झाली आहे. पण नळाची तोटी जमिनीपासून वीतभर वर. घागर खाली ठेवायची, भरली की वाकून उचलायची, गुडघ्यावर टेकवायची, मग कमरेवर घ्यायची. जलजीवन योजनेत माणशी दिवसाला ५५ लिटर पाणी धरलं आहे. पाच माणसांचं २७५ लिटर झालं. पंधरा लिटरची घागर धरली तर अठरा वेळा हे वाकणं आलं. पाणी एक दिवसाआड येतं, म्हणजे एका सकाळी त्याच्या दुप्पट.

आठला भाकऱ्या, साडेनऊला पानं. टेंभुर्णीची पानं रात्री भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळलेली असतात. पत्र्याच्या फर्म्यावर पान ठेवून कात्रीनं कापायचं, मग सूप मांडीवर घ्यायचं, पानात तंबाखू भरायची, वळायचं, तोंड मुडपायचं, दोरा बांधायचा. हे सगळं दाराच्या चौकटीत बसून. दिवसभर. येणाऱ्या-जाणाऱ्यानं ओलांडून जायचं. मी विचारलं, आत का बसत नाही? सून म्हणाली, "आत दिसतंय कुठं?"

दिवसा अकरा वाजता आत खरोखरच दिसत नव्हतं.

११ जानेवारी

चारही ओळींतून फिरले. प्रत्येक घरात विडी वळणारी बाई दारातच. याचं कारण काल सापडलं होतं, आज टेप लावून खात्री केली. खिडकीची खालची कड जमिनीपासून तीन फुटांवर आहे. उभ्या माणसाला ती बरोबर. मांडी घालून बसलेल्या बाईचे डोळे अडीच फुटांच्या आत येतात आणि सूप तर जमिनीपासून जेमतेम दहा इंचावर. खिडकीतून आलेला उजेड तिच्या डोक्यावरून जाऊन समोरच्या भिंतीवर पडतो. घरात जमिनीला टेकलेलं उघडं तोंड एकच, ते म्हणजे दार.

१४ जानेवारी

संक्रांत. काम बंद.

१९ जानेवारी

संघाचं हळदीकुंकू होतं, बैठक तिथंच घेतली. वेगळी बैठक लावली की निम्म्या बायका विड्यांचा माल द्यायचा म्हणून येत नाहीत. आज सगळ्या आल्या, सासवाही.

सहा चित्रं काढून नेली होती: न्हाणी, ओटा, खिडकी, शौचालय, पाण्याची टाकी, पुढचा सोपा म्हणजे दारापुढची पडवी. प्रत्येकीनं आपल्या वाटणीच्या शेंगा जे आधी हवं त्या चित्रावर ठेवायच्या, असं म्हटलं. न्हाणीवर ढीग झाला. मला वाटलं होतं शौचालय पुढं असेल. तिसऱ्या ओळीतल्या मावशींनी कारण सांगितलं, "तितं पाच मिंटं जातीया बाई. न्हाणीत समदं आलं. अंघूळ आली, पाळी आली, बाळंतीण आली."

मग बाकीच्या बोलायला लागल्या. पाळीचे कपडे कुठं वाळत घालता, या प्रश्नाला बराच वेळ कुणी उत्तर दिलं नाही. शेवटी एका कॉलेजात जाणाऱ्या मुलीनं सांगितलं: दुसऱ्या कपड्याच्या खाली, दोरीवर. नाहीतर पत्र्याखाली, तुळईवर. म्हणजे ऊन लागतच नाही. पॅड वापरणाऱ्या मुलींचा प्रश्न टाकण्याचा. त्या कागदात गुंडाळून चुलीत जाळतात, तेही घरात कुणी नसताना.

न्हाणीच्या आराखड्यात या दोन्हीची सोय करायची, आणि ती दिसणार नाही अशी करायची. वहीत दोनदा खूण केली आहे.

२७ जानेवारी

काल वॉर्डसभा झाली. पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत, पण माईक पुरुषांच्याच हातात होता. वसाहतीच्या तोंडाशी स्वागत कमान आणि दोन ओळींमध्ये काँक्रीट, ही मागणी पुढं आली. काँक्रीट मलाही मान्य आहे, चिखलात घागरी घेऊन चालणं सोपं नाही. कमानीला मी विरोध केला आणि त्याबद्दल काहींना राग आला. आक्का उठल्या आणि म्हणाल्या, कमानीखालनं आमी डोक्यावर पदर घिऊन पाण्याला जायाचं, मग त्या पैशात पाणीच आत आणा की.

पैशाची जुळणी अशी ठरली. सांडपाण्याची गटार आणि शोषखड्डे पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून आणि रोजगार हमीतून. आयोगाच्या पैशातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेला असतो, त्यामुळं तो कमानीवर जाऊच शकत नव्हता. हे पीडीओंनी (पंचायत विकास अधिकाऱ्यांनी) स्वतः उठून सांगितलं, फार बरं झालं. घराच्या आतली कामं संघाच्या कर्जातून. पुष्कळ बायका कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेतून महिन्याला मिळणाऱ्या २००० रुपयांतले काही दरमहा संघात भरतात, त्यावर ही उचल मिळेल.

५ फेब्रुवारी

नमुन्याला एक घर घेतलं, दुसऱ्या ओळीतलं तेच. खिडकीखालची भिंत दीड फूट फोडली. गवंडीमामांना शंका होती की भिंत बसेल. खिडकीवरचा लिंटेल जागेवर आहे, वरचा भार तो दोन बाजूंना नेतो, खिडकीखालच्या विटा कुठलाच भार पेलत नाहीत, हे कागदावर काढून दाखवलं. त्यांना पटलं. पण त्यांची दुसरी शंका जास्त खरी होती: एवढी खाली खिडकी म्हणजे रस्त्यावरून आतलं सगळं दिसणार.

म्हणून खालच्या दीड फुटात विटांची जाळी. वास्तुरचनाकार लॉरी बेकर यांनी केरळात घरोघर वापरलेली तीच साधी पद्धत, विटा अंतर ठेवून रचायच्या. बाहेरून बघणाऱ्याला जाळी दिसते, आत बसलेल्या बाईला उजेडही मिळतो आणि गल्लीही दिसते. आतून बारीक तारेची जाळी, उंदीर आणि जनावर येऊ नये म्हणून. माळावर साप निघतात.

८ फेब्रुवारी

जाळीचा सिमेंट वाळला. सून आज दारातून उठून खिडकीशी बसली. मी काही सांगितलं नव्हतं. डावीकडून उजेड येईल अशी तिनंच जागा घेतली, उजव्या हाताची सावली सुपावर पडत नाही.

हवेचाही फरक आहे. समोरासमोर वाट नव्हती म्हणून तंबाखूची धूळ खोलीतच घुटमळत होती. आता मागच्या भिंतीत पत्र्याखाली दोन झरोके काढले. खालून आलेली हवा वरून बाहेर जाते. तंबाखूची धूळ छातीत जाते, ओल्या हाताला तंबाखू लागून चक्कर येते, हे बायकांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. पाळणा आजवर सुपाच्या शेजारी टांगलेला असायचा, आता तो आतल्या खोलीच्या दाराशी घेतला. तंबाखूला झाकणाची पेटी, जमिनीपासून तीन फुटांवर फडताळात.

१५ फेब्रुवारी

ओटा. यावर गवंडीमामांशी आणि दुकानदाराशीही बराच वाद झाला. बाजारात तयार कडप्पा ३३-३४ इंचाच्या हिशोबानं बसवतात. इथल्या बायका बहुतेक पाच फुटांच्या आतबाहेर. कोपर जमिनीपासून ३७ इंचांवर येतं. नुसतं चिरायला, निवडायला ३३ चालेल. भाकरी थापायला तळहातावर वरून जोर द्यावा लागतो, खांदा मोकळा हवा, त्यासाठी ३० इंच बरे. आणि शेगडी स्वतःच पाच-सहा इंच उंच. ३३ च्या ओट्यावर शेगडी, तिच्यावर तवा म्हटलं की भाकरी उलटताना हात छातीच्या वर जातो आणि पदर जाळापाशी.

म्हणून ओटा दोन पातळ्यांचा केला. थापायची बाजू ३०, शेगडीची बाजू २५. दुकानदार म्हणाला असं कुणी करत नाही. आक्कांनी नमुन्याच्या ओट्यावर उभ्या उभ्या चार भाकऱ्या थापून दाखवल्या. पाचवी सासूबाईंनी खाली बसून, परातीत. त्यांना ओटा नकोच आहे. त्यांची चूल जमिनीवरच राहील, मी त्यावर वाद घातला नाही.

१८ फेब्रुवारी

चुलीबद्दल. गॅस घरोघर आहे. उज्ज्वला २०१६ साली आली, तेव्हाचा सिलिंडर इथं चहाला, पाहुण्याला आणि पावसाळ्यात वापरतात. भाकरी आणि अंघोळीचं पाणी लाकडावर. हे बदला असं सांगायला पैसे माझे नाहीत. धूर बाहेर काढणं माझ्या हातात आहे.

बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ मध्ये ग्रामीण तंत्रज्ञानासाठी 'अस्त्र' हा विभाग निघाला. त्यांनी तयार केलेली अस्त्र चूल कर्नाटकात पुष्कळ खेड्यांत पोचली होती: बंद तोंड, आत जाळी, एका जाळावर तीन भांडी आणि शेवटी धुराडं. बऱ्याच ठिकाणी पुढं ती मोडली, कारण धुराडं साफ करायचं कुणी शिकवलं नाही, आणि मोठं भांडं तिच्या तोंडावर बसायचं नाही. इथं तोंडाची मापं घरातल्या भांड्यांवरून घेतली. तवा पहिल्या तोंडावर, पाण्याचं पातेलं तिसऱ्यावर. धुराडं पत्र्याच्या वर दोन फूट, तळाशी काजळी काढायला विटेचं झाकण. महिन्याला एकदा ती काढायची. ज्या घरात सून आणि सासू दोघीही हो म्हणतील तिथंच बांधायची.

४ मार्च

न्हाणीचा आराखडा पक्का. परड्यात, घराच्या मागच्या भिंतीला लागून, म्हणजे रात्री अंगणात जावं लागणार नाही. आतून चार बाय पाच. भिंती साडेसहा फूट, त्यावर दीड फुटाची मोकळी फट ठेवून अर्धपारदर्शक पत्रा. फट दक्षिणेला. त्या उंचीवर आतून दोरी: ऊन दोरीवर पडतं, बाहेरच्याची नजर तिथवर जात नाही. पाळीच्या कपड्यांचा प्रश्न असा सोडवला आहे. एका कोपऱ्यात पंधरा इंच उंचीचा कट्टा, म्हाताऱ्या आणि पोटुशी बाईला बसायला. कोनाडा हाताच्या उंचीवर, खुंटी दाराच्या मागं नव्हे तर समोरच्या भिंतीला, कारण दारामागची साडी प्रत्येक वेळी भिजते. कडी आतून, लोखंडी.

पाणी तापवायची चूल बाहेर, पण न्हाणीच्या भिंतीला लागून. भिंतीत गुडघ्याच्या उंचीवर झडपेचं भोक: गरम पाण्याची बादली बाहेरून ठेवायची, आतून ओढायची. भरलेली बादली घेऊन उंबरा ओलांडणं संपलं. ही कल्पना माझी नाही, पहिल्या ओळीतल्या वहिनींची आहे. त्यांच्या माहेरच्या वाड्यात तसं होतं.

५०० लिटरची टाकी चार फुटी चौथऱ्यावर. पाण्याला पत्र्यावर चढण्याइतका दाब नाही, चार फूट चढतं. तिथून न्हाणीला आणि शौचालयाला नळ. दारातला नळ वर घेऊन त्याखाली दोन फुटांचा कट्टा, घागर भरली की थेट कमरेवर.

१२ मार्च

शौचालयांची पाहणी. किती घरांत त्यात पानांची पोती आणि सरपण आहे, हे मोजलं पण इथं लिहीत नाही. बायकांनी विश्वासानं दार उघडून दाखवलं आहे आणि अशा आकड्यांवरून त्यांनाच बोल लावला जातो. बंद पडण्याचं कारण सवय नव्हे. एक तर पाणी बाहेरून न्यावं लागतं. दुसरं, खड्डा एकच, आणि माती काळी. काळ्या मातीत पाणी जिरत नाही, पावसाळ्यात खड्डा उलटा भरून येतो.

दोन खड्डे, मध्ये किमान तीन फूट, आणि दोन्हीकडं पाणी वळवता येईल असं चेंबर. प्रत्येक खड्ड्याभोवती फूटभर वाळूचा थर, म्हणजे काळी माती थेट विटांना भिडत नाही. एक भरला की तोंड दुसऱ्याकडं फिरवायचं आणि पहिला दोन वर्षं तसाच ठेवायचा, मग त्यात वास नसलेलं खत उरतं. चेंबरचं झाकण उघडून तोंड कसं फिरवायचं ते पुरुषांना आणि बायकांना एकत्रच दाखवलं. मैला उपसायला कुणाला बोलवायची वेळ पुन्हा येऊ नये.

३० मार्च

पाडवा. गुढ्या उभ्या राहिल्या. पहिल्या ओळीतल्या चार न्हाण्यांना आज दारं बसली.

२ एप्रिल

रोजगार हमीचा कर्नाटकातला दर कालपासून ३४९ वरून ३७० रुपये झाला. शोषखड्ड्यांच्या कामाला बायकांची नावं घातली. विड्यांपेक्षा मजुरी बरी, पण विड्यांचं खातं तुटलं तर पुन्हा माल मिळत नाही, म्हणून घरातली एक बाई खड्ड्यावर आणि एक सुपावर, असं वाटून घेतलं आहे. जिथं घरात एकटीच बाई आहे तिचा खड्डा शेजारणी खणतील.

९ एप्रिल

सामायिक शेडचा प्रश्न. पंचायतीकडून सूचना आली की विड्या वळायला एक मोठी शेड बांधावी, म्हणजे घरातली तंबाखू बाहेर जाईल. कागदावर हे उत्तम दिसतं. तरुण मुलींना आणि लेकुरवाळ्यांना शेड हवी होती. पण ज्यांच्याकडं अंथरुणाला खिळलेली माणसं आहेत, ज्यांच्या चुलीवर काहीतरी शिजत असतं, ज्यांच्या सुना नव्या आहेत आणि ज्यांना घरातून सोडत नाहीत, त्या गप्प बसल्या. गप्प बसलेल्यांशी मी दुसऱ्या दिवशी घरोघर जाऊन बोलले. शेड झाली तर त्या शेडमध्ये जाणार नाहीत, आणि घरी वळणाऱ्यांच्या घरात मग काही सुधारायची गरज उरली नाही असं धरलं जाईल.

म्हणून शेडऐवजी सोपा. प्रत्येक दोन घरांच्या दारांपुढं मिळून एक, सहा फूट रुंद, कौलांचा. चार-पाच जणी एकत्र बसतात, गप्पा होतात, एकीचं पोर दुसरीनं घ्यावं एवढ्या अंतरावर, आणि आतल्या चुलीवरचं दूध उतू जाताना ऐकू येतं. कौलं खानापूरकडून आणली. पत्र्यापेक्षा महाग, पण त्याखाली एप्रिलच्या दुपारी बसता येतं. घरांच्या सिमेंटच्या पत्र्यांवर चुन्याचे दोन हात दिले, आतला तडाखा कमी झाला.

२२ एप्रिल

संघात सोलापूरची गोष्ट निघाली. तिथं कुंभारीला महिला विडी कामगारांच्या सहकारी संस्थेनं, कामगार नेते नरसय्या आडम यांच्या पुढाकारानं, दहा हजार घरांची वसाहत उभी केली. २००६ मध्ये ती पुरी झाली, गोदूताई परुळेकरांचं नाव तिला आहे. पुढं त्याच भागात रे नगरची पंधरा हजार घरं जानेवारी २०२४ मध्ये कामगारांच्या हाती आली. आमच्या चार ओळी त्यापुढं काहीच नाहीत. पण बायकांना त्यातून एकच गोष्ट उचलावीशी वाटली: तिथं सभासद बाई आहे. इथं कागदावर कोण आहे?

२८ एप्रिल

उतारे काढले. योजनेच्या मंजुरीत नाव बाईचं किंवा दोघांचं असतं, हा आवासचा नियम आहे. पण इथल्या जुन्या हक्कपत्रांवर बहुतेक ठिकाणी नवरा किंवा सासरा. ई-स्वत्तूवरचे, म्हणजे पंचायतीच्या ऑनलाइन मिळकत-नोंदीतले, नमुना ९ आणि ११ चे उतारे त्याच नावानं निघाले आहेत. याचा परिणाम कर्जावर होतो, आणि घरातून बाहेर काढलं तर बाईकडं दाखवायला काही नसतं. चौथ्या ओळीतल्या एका विधवा वहिनींच्या दिरानं न्हाणीचं काम अडवलं, "घर माझ्या बापाच्या नावावर हाय" म्हणून.

आधी नाव, मग वीट, असा क्रम मी लावायला हवा होता का, यावर आक्कांशी बोलले. त्या म्हणाल्या, न्हाई, काम सुरू झालं म्हणून तर कागद निघाले. त्यांचं मत मला पटतं.

६ मे

त्या वहिनींसाठी नाडकचेरीत (महसूल कार्यालयात) वंशवृक्षाचा, म्हणजे घरातल्या वारसांचा, दाखला मागितला. अर्ज कन्नडमध्ये. संघातल्या बऱ्याच जणींना मराठी वाचता येतं, कन्नड नाही. पीयूसीला (अकरावी-बारावीला) असलेली एक मुलगी आता दर गुरुवारी सोप्यावर बसून अर्ज वाचून दाखवते आणि भरून देते. तिला संघ त्याचे पैसे देतो, हे मी आग्रहानं ठरवून घेतलं.

दिराशी बोलणी झाली. वडील वारल्यावर त्यांच्या घरात वारलेल्या भावाच्या बायकोचा आणि पोरांचाही वाटा येतो, हे गावच्या पंचांसमोर वकिलांनी समजावून सांगितलं. घरात दोन नणंदाही आहेत. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत वाटा कर्नाटकानं १९९४ मध्येच दिला, देशभर तो २००५ मध्ये आला. नणंदांनी वहिनीच्या बाजूनं सही केली. दीर अजून तयार नाही, पण न्हाणीचं काम अडवणार नाही म्हणाला.

२१ मे

पाऊस. मे महिन्यातच धो धो. गावात कुणी पेरणीची तयारी केलेली नव्हती आणि आमच्या तिसऱ्या ओळीचे खड्डे उघडे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात वेदगंगेचं पाणी यमगर्णीपाशी हमरस्त्यावर आलं होतं, त्या आठवणीनं लोक धास्तावले. माळ उंचावर आहे, इथं पूर येत नाही, पण काळी माती फुगते. उघड्या खड्ड्यांवर ताडपत्र्या टाकल्या, वाळूचे ढीग सोप्यावर घेतले. दोन खड्ड्यांच्या कडा ढासळल्या, पुन्हा खणावे लागतील.

भिजलेली पानं सडतात. हे कुणाच्याच आराखड्यात नव्हतं, पण सोप्याच्या आढ्याखाली बांबूचा माळा घातला तर पानांची पोती तिथं कोरडी राहतील. बायकांनी आजच माळे बांधायला घेतले.

११ जून

कर्नाटकी बेंदूर झाला. गवंडी आज आले नाहीत.

नमुन्याच्या घरात पुन्हा दिवसभर बसले, जानेवारीत बसले होते तसंच. सून साडेपाचला उठली. पाऊस होता, न्हाणीत दिवा लागला. सासूबाई कट्ट्यावर बसून सावकाश अंघोळ करून आल्या, केस धुतले. त्या म्हणाल्या की पावसाळ्यात केस धुवायचं त्या टाळायच्या. ओट्यावर भाकऱ्या झाल्या, शेगडीवर आमटी, चूल बाहेर. नऊला सोप्यावर तिघीजणी आल्या. दुपारी उकाडा वाढला तेव्हा सून आत खिडकीशी गेली.

खटकलेलं: सोप्यावरचा दिवा चौकटीच्या मधोमध लावला आहे, संध्याकाळी सगळ्यांची सावली आपापल्या सुपावर पडते. तो बाहेरच्या कडेला, बसणाऱ्यांच्या समोर घ्यायचा. कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत २०० युनिटपर्यंत बिल येत नाही, दिव्याला वीज कमी पडणार नाही, जागाच चुकीची आहे. दुसरं, न्हाणीतली झडप वाऱ्यानं वाजते, रबराची पट्टी हवी. तिसरं सुनेनं सांगितलं: पोरगी पाचवीत आहे, तिला अभ्यासाला कुठं बसवू? सुपाशेजारी बसली की ती पण विड्यांना हात घालते. याचं उत्तर माझ्याकडं आज नाही. बांबूच्या माळ्यासारखं काही, खिडकीच्या वरच्या अंगाला भिंतीत दुमडणारी फळी, असं सुचतंय. सुताराला विचारते.

३ जुलै

दिवे बाहेरच्या कडेला हलवले. झडपांना पट्ट्या. फळीचा नमुना एका घरात बसवला, बावीस इंच उंचीवर, खाली बसून लिहिण्यासाठी थोडी जास्त होते. अठरा करायची.

तिसऱ्या ओळीतले ढासळलेले दोन खड्डे पाऊस उघडल्याशिवाय खणता येणार नाहीत, त्या घरांना तोवर शेजारच्या शौचालयाची किल्ली दिली आहे, लेखी. चौथ्या ओळीतल्या वहिनींचा वंशवृक्ष मिळाला, दिराची सही झाली. नमुना ९ वर नाव चढवायला अर्ज सोमवारी द्यायचा. सोबत आक्का आणि पीयूसीची मुलगी. पीडीओंनी सकाळी अकराच्या आत या म्हटलं आहे.